हिशेब शिकायला बसायची जागा



मागच्या वेळी आम्ही गटाच्या वह्यांबद्दल बोललो होतो. इतिवृत्त, रोखवही, खतावणी, कर्जवही आणि सभासदांची पासबुकं. ते ऐकून एका ताईंनी निरोप धाडला. त्यांची मुलगी बारावी कॉमर्स झाली आहे. पुढं कॉलेजला घालायची ऐपत नाही, पण पोरीचा हात हिशेबात चांगला आहे. त्यांचा प्रश्न असा, की तिला हिशेबाचं काम शिकायला कुठं बसवता येईल का, आणि बसवलं तर पैसे मिळतात, का आपणच द्यायचे असतात?

प्रश्न दोन ओळींचा, पण उत्तर शोधायला बसलो तर आम्ही पार पेशवाईपर्यंत मागं गेलो. कारण या ताईंच्या आधी दोन-अडीचशे वर्षं हाच प्रश्न आपल्या मुलखात विचारला जातो आहे, आणि त्याची तिन्ही उत्तरं वेगवेगळ्या काळात खरी होती. कधी पैसे मिळत, कधी फुकट राबावं लागे, आणि कधी शिकणाऱ्यालाच पदरचे मोजावे लागत.

आधी आम्ही कुठून बोलतो ते सांगतो. आमचं काम मीरा-भाईंदरच्या गटांमध्ये चालतं. मुंबईच्या उत्तरेला, दहिसरच्या पुढं आणि वसईच्या खाडीच्या अलीकडं हा गाव. आता आठ लाखांच्या वर वस्ती आहे, उंच इमारती आहेत. पण 1985 साली नगरपालिका झाली ती ग्रामपंचायती एकत्र करून, आणि महानगरपालिका 2002 साली. राई, मुर्धा, मोर्वा, नवघर, घोडबंदर, उत्तन ही सगळी गावंच. आमच्या गटातल्या कितीतरी सासवांनी मिठागरात काम केलेलं आहे, नाहीतर बाजारात मासळी विकलेली आहे. तेव्हा आम्हाला अगदीच शहरातल्या समजू नका.

आता आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी गटातल्या एका ताईंची मुलगी बारावी झाली. आम्हीच ओळख काढून तिला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात बसवलं. 'शिकू दे, मग बघू' असं ते म्हणाले, आणि आम्हाला ते बरोबरच वाटलं. पोरगी रोज दहाला जायची, सातला यायची. बिलं तारखेप्रमाणे लावणं, झेरॉक्स, बँकेत चेक भरणं, मधूनमधून कॉम्प्युटरवर नोंदी. अकरा महिने गेले. हातात एक रुपया नाही, रिक्षाचे पैसे आई देत होती. शेवटी दुसरीकडं नोकरी मिळतेय म्हणून तिनं दाखला मागितला. उत्तर आलं, 'तू इथं कामाला होतीस अशी आमच्याकडं नोंदच नाही.' ज्या ऑफिसात गावभरच्या दुकानांच्या नोंदी होत होत्या, तिथं या मुलीचीच नोंद नव्हती. तिची आई आम्हाला काही बोलली नाही. पुढचे दोन महिने बैठकीला मात्र आली नाही.

तेव्हापासून या विषयाचा आम्ही पाठपुरावा केला. आजचं भाषण त्यातलंच.

शब्दापासूनच धरू. असं काम शिकायला बसण्याला मराठीत जुना शब्द आहे, उमेदवारी. आता निवडणुकीमुळं त्याचा अर्थ बदलला. अर्ज भरला की उमेदवार. मूळ शब्द फारसीतला, उमेद म्हणजे आशा. उमेदवार म्हणजे आशेवर असलेला. कचेरीत, पेढीवर कुणाच्या तरी हाताखाली बसून, आज ना उद्या जागा मिळेल या आशेवर काम करणारा. गावोगावच्या गटांना जोडणाऱ्या सरकारी अभियानाचं नावही 'उमेद'च आहे, हा योगायोग आम्हाला फार आवडतो.

जुन्या काळी हिशेब शिकायची शाळा म्हणजे बापाची बैठक. गावचा हिशेब कुलकर्ण्याकडं. परगण्याचा देशपांड्याकडं. वर सरकारात फडणीस, मुजुमदार, पोतनीस, दफ्तरदार. आज ही आडनावं आहेत, तेव्हा हे हुद्दे होते. फडणीस रोजच्या जमाखर्चावर नजर ठेवायचा, मुजुमदार हिशेब तपासायचा, पोतनीस रोकड सांभाळायचा. कुलकर्णीपद वतनी, म्हणजे बापाकडून मुलाकडं जाणारं, आणि बहुतेक ठिकाणी ब्राह्मण घरांत. मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की बापाशेजारी बसायचा. आधी पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनाचासुद्धा पाढा पाठ! मग मोडीचा कित्ता. बोरू न उचलता सलग ओळ लिहायची, शाई वाळवायला वर वाळू टाकायची. मग एखादा छोटा हिशेब उतरवून काढायचा, चुकला की पुन्हा. लिहिलेले कागद कापडात बांधून ठेवत, त्याला रुमाल म्हणत. पेशव्यांच्या दफ्तराचे असे हजारो रुमाल आजही पुण्याच्या पुरालेखागारात आहेत.

त्या मुलाला पगार नव्हता, पण फसवणूकही नव्हती. पुढं बैठक त्याचीच व्हायची होती.

आणि मुली? राज्यकर्त्या बायका हिशेब बघत, अहिल्याबाई होळकरांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. पण कारकुनांच्या रांगेत, बोरू घेऊन शिकायला बसलेली बाई आम्हाला कुठं सापडत नाही. तशी कुणब्याची, माळ्याची, महाराची, कोळ्याची मुलं तरी कुठं होती? पाऊणकी काही अवघड नसते. उत्तनच्या बाजारात मासळी विकणारी आजी आजही तोंडी हिशेबात आमच्या कॉम्प्युटरला मागं टाकते. ज्या बैठकीवर हिशेब शिकवला जायचा तिथं बसायला जागा नव्हती, एवढंच.

जागा नसली की काय होतं, ते 1875 साली दिसलं. त्या वेळी पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतला शेतकरी कर्जात बुडाला होता. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात कापसाचे भाव चढले होते, ते युद्ध संपल्यावर कोसळले. वर शेतसारा वाढवलेला. सावकाराच्या वहीत काय लिहिलंय ते शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं. घेतलेले किती, फेडलेले किती, व्याज कुठून कुठवर, सगळं त्या वहीत. खाली अंगठा याचा. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी लोक जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांतून कर्जरोखे आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. मग हे लोण गावोगाव गेलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. आम्हाला यातली एक गोष्ट पुन्हा पुन्हा आठवते. बहुतेक ठिकाणी लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. सावकारानं कागद मुकाट्यानं दिले तर त्याला सहसा हात लावला नाही. आपल्याला वाचता न येणारी वही ही केवढी भीतीची गोष्ट असते, ते यातून कळतं.

सरकारनं चौकशी केली आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात बऱ्याच गोष्टी होत्या, पण आपल्या कामाची एक सांगतो. पैसे फेडले की पावती मागायचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. वर्षाचा हिशेब लेखी मागायचा हक्क मिळाला. आणि पासबुकात नोंद करून मागायचाही. मैत्रिणींनो, आपल्या गटात आपण दर महिन्याला पासबुक पुढं करतो, 'ताई, एवढी नोंद करा' म्हणतो, त्यामागं ही जळालेल्या वह्यांची गोष्ट आहे. आमच्या एका गटात पासबुकं अध्यक्षांच्या घरी कपाटात ठेवायची पद्धत पडली होती, हरवू नयेत म्हणून. हा इतिहास सांगितल्यावर सगळ्या आपापली घरी घेऊन गेल्या.

महात्मा जोतीराव फुल्यांनी याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी अक्षरशत्रू शेतकऱ्याला कागदावर कसं नागवलं जातं ते लिहिलं. आणि 1882 साली शिक्षणाची चौकशी करायला हंटर कमिशन आलं, तेव्हा त्याच्यापुढं दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादीच दिली. मोडी आणि बालबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची माहिती, आरोग्य. हिशेब त्यांनी पहिल्या काही गोष्टींत घातला आहे. बापाच्या बैठकीवर जे मिळत होतं ते शाळेत सगळ्यांना द्या, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो. सावित्रीबाईंच्या शाळेचं आपण नेहमी बोलतो, ते बोललंच पाहिजे. पण हिशेबाची ही मागणीही आपल्या भाषणांत यायला हवी.

इंग्रजी अमलात कचेऱ्या वाढल्या, तशी उमेदवारीही वाढली. आता बैठक बापाची राहिली नव्हती, साहेबाच्या कचेरीतली होती. मामलेदार कचेरीत, कलेक्टर कचेरीत उमेदवार म्हणून पोरं बसत. नक्कल काढायची, आकडे जुळवायचे, वरिष्ठ कारकुनाची कामं उरकायची, आणि जागा रिकामी व्हायची वाट बघायची. पगार नाही. कुणाला वर्षात जागा मिळे, कुणी वर्षानुवर्षं तसाच. घरचं खाऊन एवढी वाट बघणं कुणाला परवडेल? ज्याच्या घरी खायला आहे त्याला. म्हणजे फुकट उमेदवारी ही आपोआपच चाळणी झाली. परीक्षा नाही, बंदी नाही, तरी गरिबाचं पोर गळून पडायचं. आमच्या त्या मुलीला तिची आई रिक्षाचे पैसे देत होती, ते आठवा.

तिकडं मुंबईत गिरण्या, बँका, कंपन्या उभ्या राहत होत्या, त्यांना वेगळा हिशेब हवा होता. भागधारकांना दाखवायचा ताळेबंद, आणि तो तपासणारा बाहेरचा माणूस. 1900 साली सोहराब दावर यांनी मुंबईत व्यापारी शिक्षणाचं कॉलेज काढलं. 1913 साली सिडनहॅम कॉलेज निघालं. त्याच 1913 च्या कंपनी कायद्यानं ठरवलं, की कंपनीचा हिशेब तपासणाऱ्याकडं सरकारमान्य प्रमाणपत्र पाहिजे. मग 1918 साली मुंबई सरकारनं लेखाविद्येची पदविका सुरू केली. इंग्रजी अक्षरांवरून तिला जीडीए म्हणत. नुसती परीक्षा देऊन भागत नव्हतं. मान्यताप्राप्त हिशेब तपासनिसाच्या हाताखाली तीन वर्षं काम करायचं, आणि तेही लेखी करार करून. अशा शिकणाऱ्याला आर्टिकल्ड क्लार्क म्हणायचे. आजही सीएच्या ऑफिसात 'आर्टिकल' म्हणून मुलं-मुली असतात, ते नाव तिथून आलं.

ही पद्धत इंग्लंडमधून आली. तिथं कॉलेज न केलेल्या मुलाला पाच वर्षं असं काम करावं लागे, आणि शिकवणाऱ्या साहेबाला वर पैसे द्यावे लागत. त्याला प्रीमियम म्हणत. ताईंच्या प्रश्नातलं तिसरं उत्तर ते हे. पण या साहेबी पद्धतीत एक गोष्ट नवी होती, करारनामा. कुणी कुणाच्या हाताखाली, किती वर्षं, कोणत्या तारखेपासून, सगळं कागदावर. मामलेदार कचेरीतल्या उमेदवाराकडं हा कागद नव्हता. आमच्या मुलीकडंही नव्हता.

मग बाईचं काय? विलायतेत मेरी हॅरिस स्मिथ नावाच्या बाईंचं स्वतःचं हिशेबाचं ऑफिस होतं. लंडनमध्ये वर्षानुवर्षं लोक त्यांच्याकडून हिशेब करून घेत होते. पण चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेनं त्यांना सभासद करून घेतलं नाही, कारण त्या बाई. काम चालतं, सही चालत नाही! 1919 साली तिथं बायकांवरची अशी बंदी उठवणारा कायदा झाला आणि 1920 साली त्यांना सभासदत्व मिळालं. तोपर्यंत त्यांनी वयाची सत्तरी ओलांडली होती. जगातल्या पहिल्या महिला चार्टर्ड अकाउंटंट म्हणून त्यांचं नाव घेतात.

आपल्या देशातलं पहिलं नाव मद्रासचं आहे, आर. शिवभोगम. जन्म 1907 चा. कॉलेज झाल्यावर त्या स्वातंत्र्याच्या चळवळीत पडल्या आणि वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी शिक्षा भोगली. बाहेर आल्यावर त्यांनी हिशेब तपासनीस व्हायचं ठरवलं. आता परीक्षेला बसायचं तर आधी कुणीतरी हाताखाली घ्यायला हवं होतं. सी. एस. शास्त्री या हिशेब तपासनिसांनी त्यांना घेतलं. तिथं उमेदवारी करून त्या 1933 साली जीडीए झाल्या आणि 1937 पासून स्वतःचं काम करू लागल्या. पुढं 1955 ते 1958 अशी तीन वर्षं चार्टर्ड अकाउंटंट संस्थेच्या दक्षिण भारत परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

आम्हाला या गोष्टीत परीक्षेपेक्षा शास्त्रींच्या ऑफिसातली ती खुर्ची जास्त मोठी वाटते. परीक्षेचा पेपर मुलगा-मुलगी बघत नाही. पण दिवसभर पुरुषांनी भरलेल्या ऑफिसात, परगावच्या कंपन्यांचे हिशेब तपासायला जाणाऱ्या मंडळींत, 1930 च्या आसपास एका तरुण बाईला जागा द्यायला कुणीतरी तयार व्हावं लागलं. आणि तुरुंगात जाऊन आलेल्या बाईला. आजही गावाकडच्या मुलीच्या वडिलांना विचारा, अडतं कुठं? 'ऑफिसात किती पोरं आहेत, यायला उशीर होईल का,' इथंच अडतं.

स्वातंत्र्यानंतर भराभर बदल झाले, ते थोडक्यात सांगतो. 1949 साली चार्टर्ड अकाउंटंटांचा कायदा झाला आणि 1 जुलै 1949 रोजी त्यांची देशभराची संस्था उभी राहिली. 1950 साली मुंबई राज्यात कायदा करून कुलकर्णी वतनं रद्द केली. गावचं दफ्तर पगारी तलाठ्याकडं आलं. आज तलाठी बाई असली तर कुणाला नवल वाटत नाही. त्याच सुमाराला शाळांतून मोडी गेली. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तशी सोळा आण्यांची पावकी-निमकीही मागं पडली. नोकरीतली माणसं तेव्हा म्हणे किराणा दुकानात उभ्या उभ्या भांडत, एका आण्याचे सहा पैसे की सव्वासहा. आणि 1961 साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. पहिल्यांदा तो कारखान्यातल्या फिटर, टर्नर अशा कामांसाठी होता. 2014 च्या दुरुस्तीनंतर ऑफिसातल्या, हिशेबाच्या कामांनाही त्यात जागा झाली.

आमच्या भाईंदरमध्ये या सगळ्याचा शेवटचा अंक बघायला मिळतो. इथं पूर्वी मिठाचं राज्य. मिठागराचा मालक किंवा खंडकरी म्हणजे शिलोत्री, आणि त्याचा हिशेब लिहिणारा मेहताजी. मेहताजी लाल कापडाच्या वहीत लिहायचा, आगरात राबणाऱ्या बायका ती वही लांबून बघायच्या. मग भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आले. एक गाळा, आठ-दहा कामगार, पॉलिश, पत्रा, आणि पोटमाळ्यावर टेबल टाकून बसलेला मुनीम. आता बऱ्याच ठिकाणी मुनीम गेला आणि त्याच्या जागी टॅली आली. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर बंगळुरूच्या गोयंका बापलेकांनी 1986 साली सुरू केलं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि लहान दुकानदारालाही वेळच्या वेळी विवरणपत्र भरणं भाग पडलं. त्यातून मुलींना काम मिळालं. मीरा रोड आणि भाईंदरच्या स्टेशनबाहेर अकाउंट शिकवणाऱ्या क्लासच्या पाट्या मोजाव्यात इतक्या आहेत. आगरात राबलेल्या आजीची नात आज पोटमाळ्यावर टेबलाशी बसून त्याच गाळ्याचं विवरणपत्र भरते, असं घर आमच्या गटात आहे.

पण क्लासमध्ये बोटं चालायला शिकतात. हिशेब कळतो तो कुणाच्या तरी शेजारी बसल्यावरच. बिल खोटं आहे हे कागद हातात घेतल्यावर कसं ओळखायचं, गिऱ्हाईक 'राहू दे हो' म्हणालं तर नाही कसं म्हणायचं, हे क्लासवाला शिकवत नाही. म्हणून उमेदवारी लागतेच. फक्त ती कोणती, हे आधी विचारायचं.

आता ताईंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. बारावीनंतर दोन रस्ते आहेत. पहिला सीएचा. त्याला फाउंडेशन, मग इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप, आणि ते झाल्यावर आर्टिकलशिप. ती पूर्वी तीन वर्षांची होती, 2023 पासून दोन वर्षांची झाली. सीएच्या हाताखाली करार होतो, संस्थेकडं नोंद होते आणि संस्थेनं ठरवलेलं किमान विद्यावेतन द्यावंच लागतं. नोंद व्हायच्या आधी कितीही महिने बसलात तरी ते धरत नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. वाट लांब आहे, परीक्षा कडक आहेत, पण कॉलेजच्या फीपेक्षा हे झेपेल असं वाटणारी घरं आम्ही पाहिली आहेत.

दुसरा रस्ता 1961 च्या कायद्यातल्या शिकाऊ उमेदवारीचा. तीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेनं शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. त्याहून लहान जागाही घेऊ शकतात. सरकारी पोर्टलवर मुलीचं नाव नोंदवायचं, मालकाबरोबर करार करायचा, तो करार पोर्टलवर नोंदला गेला पाहिजे. 2019 च्या नियमांत बारावी झालेल्यांसाठी दरमहा किमान 7000 रुपये विद्यावेतन ठरलं होतं. रक्कम बदलत असते, म्हणून चालू आकडा तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारा. तिथं शिकाऊ उमेदवारीचं काम बघणारे असतात. पोर्टल भरता येत नसेल तर गटाच्या लिपिकेला बरोबर न्या.

यांपैकी काहीच नाही, आणि कुणी नुसतं 'शिकू दे, मग बघू' म्हणालं, तर? गरजच असेल तर बसवा, आम्ही नाही म्हणणार नाही. लहान गावात कधीकधी तेवढंच असतं. पण पहिल्या दिवशी एका साध्या कागदावर तारीख, काम आणि मुदत लिहून त्यांची सही आणि शिक्का घ्या. मिळाला नाही तर मुलीला स्वतःची डायरी ठेवू द्या, रोज आज काय केलं ते दोन ओळी. आमच्या मुलीनं ठेवली असती तर पुढच्या मुलाखतीत दाखवायला काहीतरी असतं.

त्या मुलीचं पुढं काय झालं हे विचाराल म्हणून सांगतो. ती वर्षभर घरी होती. मग आम्ही आणि ती मिळून पोर्टलवर अर्ज केला. दोन ठिकाणी नाही म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी घेतलं. या वेळी तिची धाकटी बहीणही बारावी होऊन बसली होती, तिनंही अर्ज टाकला. धाकटीचं वय तेव्हा सतरा. वय कमी म्हणून करारावर पालकाची सही लागते. वडील गावी गेले होते. आईनं गटात आल्यावरच सही शिकलेली, त्याआधी अंगठा. करार छापून आणला तेव्हा तिनं तो आमच्याकडून दोनदा वाचून घेतला, रकमेवर बोट ठेवून 'हा आकडा महिन्याचा ना?' असं विचारलं, आणि मग पालकाच्या रकान्यात सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं.